बिनदाढीचा महाराज

"आलं! ऐकू आलं! बहिऱ्या पोरीला ऐकू आलं!"

हलगी कडाडली. बायकांनी हात जोडले, पुरुषांनी टोप्या काढल्या. कसबा बावड्याबाहेर, ऊस तुटून मोकळ्या झालेल्या रानात मांडव घातला होता, आणि त्यात सकाळी आठलाच पाय ठेवायला जागा नव्हती. शाहूवाडीहून लोक वडापच्या जीपमध्ये कोंबून आले होते, आजऱ्याहून मुक्कामी आले होते. कुणाचं पोर बहिरं, कुणाची सासू बहिरी. एक जण तर बैल घेऊन आला होता. बैल हाक ऐकत नाही म्हणे.

स्टेजवर कर्णनाथ महाराज बसले होते. वय पन्नाशीचं, अंगावर भगवं, गळ्यात बोराएवढे मणी. त्यांच्या समोर, लोकांकडं पाठ करून, सात वर्षांची मनाली बसली होती.

"बाळ, तुझं नाव काय?" महाराजांनी विचारलं.

"म...ना...ली."

"तुझी आई कुठं आहे?"

पोरीनं मागं वळून बायकांत बसलेल्या निशाकडं बोट केलं. निशा तोंडाला पदर लावून हुंदके द्यायला लागली.

"नमस्कार कर."

पोरीनं हात जोडले. मांडव पुन्हा उठला. पुरुषांच्या रांगेत तिचा बाप बाळासो ढसाढसा रडत होता आणि आसवं त्याच्या मिशीत मुरत होती. बाळासोची मिशी सगळ्या बावड्यात नावाजलेली. वरचा ओठ तर सोडाच, खालच्या ओठाचाही निम्मा भाग तिच्याखाली गडप व्हायचा.

बायकांच्या पहिल्या रांगेत बाळासोची आई बसली होती. शेवंताबाई. साठीला आलेली. तिनं हात जोडले नव्हते. ती महाराजांच्या तोंडाकडं टक लावून बघत होती, आणि तिच्या कपाळावर आठ्या होत्या.

शेवंताबाईला ऐकायला कमी यायचं. इचलकरंजीला यंत्रमागाच्या शेडमध्ये बावीस वर्षं तिनं कांड्यांवर सूत भरलं होतं. चाळीस माग एकदम खटखटायला लागले की शेजारणीनं कानात बोंब मारली तरी कळत नाही. तिथल्या बाया आवाज काढायच्याच नाहीत. नुसतं तोंड हलवायच्या. शेडच्या या टोकाची बाई त्या टोकाच्या बाईला सासूचं गाऱ्हाणं सांगायची, मुकादमाला शिव्या द्यायची, आणि मुकादम मध्ये उभा राहूनही त्याला पत्ता नसायचा. त्या शेडनं शेवंताबाईचे कान खाल्ले, पण डोळे तयार करून दिले.

म्हणून बाकी मांडवाला जे दिसत नव्हतं ते तिला दिसत होतं.

तिनं आयुष्यात पुष्कळ बुवा बघितले होते. एकजात दाढीवाले. हा मात्र बिनदाढीचा. गाल गुळगुळीत, मिशी साफ, आणि ओठांवर तुपाचा हात फिरवल्यासारखी चकाकी. पान नाही, तंबाखू नाही. माईक सगळे तोंडाला लावतात, यानं तो खाली छातीशी धरलेला. स्टेज पूर्वेकडं तोंड करून. सूर्य नेमका महाराजांच्या तोंडावर. दरबारही फक्त सकाळचा, आणि ढग आले की बंद! म्हणे सूर्यनारायणाची साक्ष लागते.

'साक्ष न्हवं, उजेड लागतोय मेल्याला,' शेवंताबाई मनात म्हणाली.

तेवढ्यात महाराज उठले आणि त्यांनी प्रवचनाला तोंड फोडलं. "भक्तहो! कान हे निव्वळ भोक आहे. ऐकतो तो आत्मा! माझ्या मुखातून जी ब्रह्मलहर निघते ती थेट आत्म्याच्या पडद्यावर आदळते. अमेरिकेचे डॉक्टर येऊन माझ्या घशाचा फोटो काढून गेले. फोटोत काय आलं? नुसता उजेड! यंत्र जळून गेलं!"

टाळ्या. कुठले डॉक्टर, कसलं यंत्र, कुणी विचारलं नाही. ज्या गावात रेशनचं साखरेचं माप दोनदा तपासून घेतात, तिथं आत्म्याच्या पडद्याचं माप कुणी मागत नाही.

"पण एक पथ्य," महाराजांनी बोट वर केलं. "लोखंडाचा कान आणि लहरीचा कान एका देहात नांदत नाहीत. यंत्र इथं टोपलीत अर्पण करायचं. सगळी यंत्रं पंचगंगेत विसर्जन होतील. सव्वा महिना पोरीला शाळा नको, डॉक्टर नको. मोडलंत तर लहर उलटेल, आणि आहे ती वाचाही जाईल."

मनालीचं कानाचं मशीन चेल्यानं आधीच काढून बाळासोच्या हातात दिलं होतं. छातीवर पट्ट्यानं बांधायची काड्यापेटीएवढी पेटी, तिच्यातून कानात जाणारी वायर. बाळासो पुढं गेला आणि त्यानं ती पेटी टोपलीत टाकली.

पोरीनं ते बघितलं. तिनं किंकाळी फोडली, टोपलीवर झेप घेतली, दोन्ही हातांनी पट्टा धरला. चेल्यानं तिची बोटं एकेक करून सोडवली. लोक म्हणाले, "लहर सोसंना झालीया लेकराला."

"आरं बाळू, ते टाकू नगंस!" शेवंताबाई ओरडली. "सोंग हाय ह्ये सगळं! ती त्येचं तोंड वाचालीय!"

शेजारच्या बाईनं तिला खाली ओढलं. "गप की म्हातारे. सोताला ऐकू येत न्हाई आणि दुसऱ्याला आलं तर सोसंना व्हय?"

* * *

घरी भांडण पेटलं. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, आणि त्याच्याच खालच्या फळीवर बाळासोनं महाराजांचा अंगारा ठेवला होता. ती पुडी बघून शेवंताबाईच्या डोक्यात तिडीक गेली. सतरा वर्षांची असताना तिनं हजार माणसांत उभं राहून बावीस प्रतिज्ञा घेतल्या होत्या. आणि आज तिच्या पोटचा गोळा मणीवाल्याच्या पाया पडून आला होता.

"तुझ्या बापानं देव्हारा नदीला नेऊन सोडला," ती म्हणाली, "आणि तू पोरीचं मशीन नदीला द्याय निघालास? वा रं पठ्ठ्या!"

बाळासो मिशीतल्या मिशीत काहीतरी पुटपुटला. शेवंताबाईला ते कळलं नाही. मिशी वाढवल्यापासून गेली दहा वर्षं तिला लेकाचं बोलणं निम्मंच कळायचं. ओरडला तरच पुरतं कळायचं. आता तो ओरडला.

"आई, डोळ्यानं बघितलंस न्हवं? आज सात वर्सं मी बोलालोय, तिला कळत न्हाई. हिची आई बोलतीया, कळत न्हाई. महाराज बोलले आणि एका दमात कळलं! मग ही लहर न्हवं तर काय?"

"त्येला मिशी न्हाई म्हणून कळलं!"

"मिशीवर जायचं काम न्हाई, सांगून ठेवतो!"

"जाणार! तुझं तोंड दिसतंय कुठं पोरीला? मलाबी दिसत न्हाई. झुडपातनं घूस पळावी तशी मिशी हलती नुसती. आणि ही तुझी बायको. दात पुढं म्हणून सदा तोंडावर पदर. घरात एकाचंबी तोंड उघडं न्हाई, तर पोरीनं वाचायचं काय? कपाळ?"

निशानं पदर आणखी घट्ट दाबला. पदराआडून म्हणाली, "आत्ती, मला शाळेत समदी पोरं हसायची वो."

शेवंताबाईला तेही कळलं नाही. पण सुनेचे डोळे भरलेले दिसले, म्हणून तिनं विषय सोडला.

बाळासोनं मग पोरीची परीक्षा घेतली. मनाली उंबऱ्यात पाठमोरी बसून चिंचोके मांडत होती. "मनाली!" त्यानं हाक मारली. पोर हलली नाही. "ए मनाली!" शेजारच्या घरातलं कुत्रं भुंकायला लागलं, पण पोर हलली नाही. तो तिच्या समोर जाऊन बसला, तोंडात तंबाखूचा बार, वर मिशी. "नाव काय तुझं?" पोरीनं त्याच्या मिशीकडं बघितलं, डोळ्यांकडं बघितलं, पुन्हा मिशीकडं बघितलं. काय करायचं ते न कळून तिनं नमस्कार केला.

"सकाळी ऐकू येत होतं," बाळासो हताश होऊन म्हणाला. "घरात श्रद्धा न्हाई म्हणून लहर उलटली. ह्या म्हातारीमुळं!"

आता काय करावं माणसानं? पुरावा डोळ्यांसमोर चिंचोके मांडत बसलाय, आणि बाप त्या पुराव्याचाही अंगारा करतोय!

दुसऱ्या दिवशी बहिऱ्या मुलांच्या शाळेतल्या संयोगिता टीचर घरी आल्या. मनालीचं मशीन टोपलीत गेलं म्हटल्यावर त्या मटकन खालीच बसल्या.

"तीन वर्षं!" त्या म्हणाल्या. "तीन वर्षं मी तिला आरशासमोर बसवून ओठ ओळखायला शिकवतेय. माझा गळा सुजला. 'नाव काय, आई कुठाय, नमस्कार कर' हे पहिलीतले धडे आहेत हो. आणि त्या भामट्यानं दोन मिनिटांत त्यावर आपलं नाव कोरलं!"

"पण कळलं न्हवं तिला?" बाळासो म्हणाला. "मग मशीन कशाला पायजे?"

"ओठ बघून निम्मं कळतं, भाऊ. उरलेलं अंदाजानं. मशीनमधून थोडा आवाज आत जातो, डोळे ओठ बघतात, दोन्ही मिळून शब्द होतो. एक काढलं की पोरगी चाचपडते. तिची वाचा फुटायचं वय हेच आहे. सव्वा महिना घरी बसली तर जमलेलं विसरेल. शिवाय शाळेची एक जागा, बाहेर अकरा पोरं वाट बघतायत. पुढच्या शनिवारपर्यंत ती वर्गात हवी."

बाळासो म्हणाला, "टीचर, तुम्ही म्हणताय तीन वर्सांत थोडं थोडं. ते म्हणत्यात आजच्या आज समदं. बापानं कुणाचं ऐकावं?"

टीचर पोलीस चौकीतही जाऊन आल्या. तिथला हवालदार म्हणाला, "बाई, गुन्हा काय लिहू? लोकं आपखुशीनं देत्यात. आणि गुरुवारी माझ्या सासूचा नंबर हाय."

* * *

गुरुवार उजाडला. शेवंताबाईनं मागावरची जुनी सोबतीण अंबूबाई हिला बरोबर घेतलं; टीचरही आल्या. अंबूबाई गल्लीतच राहायची. अंगानं पोत्यासारखी, जिभेनं विळ्यासारखी.

"गुण आलेली पोर" म्हणून मनालीला महाराजांनी परत बोलावलंच होतं, नव्या भक्तांना दाखवायला. शेवंताबाई नातीचं बोट धरून स्टेजवर चढली. हातात सूप, सुपात नारळ आणि तांदूळ. चेल्याला वाटलं, म्हातारी ओटी भरायला आली. तिनं नारळ-तांदूळ खाली ओतले, आणि रिकामं सूप महाराजांच्या तोंडासमोर आडवं धरलं.

"आता इचारा पोरीला. नाव काय?"

मांडवात कुजबुज झाली. महाराज सुपाआडून म्हणाले, "बाळ, नाव काय तुझं?" लाऊडस्पीकरनं ते वाक्य पार रस्त्यापर्यंत नेलं. मनाली सुपाकडं बघत बसली.

"परत इचारा."

"नाव काय?"

पोरीनं सुपाला नमस्कार केला. दोन-चार जण हसले. शेवंताबाईला वाटलं, झालं, फुटलं बिंग.

कुठलं फुटतंय! महाराजांनी सूप हळूच बाजूला सारलं आणि ते मंद हसले. "माते, लहर माझ्या मुखातून निघते. तू तिच्या आड सूप धरलंस. गटारीवर फरशी टाकल्यावर पाणी दिसेल का?"

"बरोब्बर!" मांडव गरजला.

"अगं, सुपानं ऊन अडतंय, मग लहर अडणार न्हाई व्हय?" एक शहाणा ओरडला.

"मग तुला ह्येचं बोलणं मांडवाच्या मागं बसून कसं ऐकू आलं?" शेवंताबाई ओरडली. "तुझ्या मधी तर धा माणसं आडवी हाईत! लहर त्यास्नी वळसा घालून आली व्हय?"

प्रश्न सरळ होता. दुसरीतल्या पोरालाही कळावा असा. पण उत्तर द्यायच्या ऐवजी लोकांनी तिला खाली उतरवलं. बाळासोनंच दंड धरला. "आई, लाज काढालीस तू माझी," असं काहीतरी मिशी म्हणाली. शेवंताबाई पहिल्या रांगेत जाऊन आदळली. ज्याला ऐकू येत नाही त्याला ओठ तरी वाचता येतात. ज्याला ऐकायचंच नाही त्याचं काय करायचं?

दरबार पुढं सुरू झाला. चेला स्टेजखाली रांगेजवळून फिरून आला आणि महाराजांच्या कानाशी वाकला. महाराजांनी त्याला हळू आवाजात काही सांगितलं. माईक बंद करून खाली ठेवला होता. मांडवात एकालाही ऐकू गेलं नाही.

पण शेवंताबाईला लख्ख दिसलं! वर्षानुवर्षं बहिऱ्यांसमोर ओठ ठळक हलवून त्या माणसाला तशी सवयच लागली होती. कुजबुजतानाही तो एकेक अक्षर ओठांवर मांडायचा. तोंडावर सकाळचं कोवळं ऊन, ओठांवर तूप. मागाच्या शेडमध्येही इतकं स्वच्छ बोलणं तिला कधी दिसलं नव्हतं.

ती ताडकन उठली आणि जसं दिसलं तसं मोठ्यानं बोलली. "'त्या पागोट्यावाल्याला नको. डोळ्यात मोतीबिंदू आहे, त्याला काही दिसायचं नाही. श्रद्धा कमी पडली म्हण. निळ्या स्वेटरचं पोरगं घे. शाळेतलं दिसतंय.'"

लोक चमकून बघायला लागले. चेला तेवढ्यात खाली उतरला होता. त्याचं लक्ष नव्हतं. तो रांगेजवळ जाऊन सवयीनं म्हणाला, "पागोट्यावाले पावणं, तुमची श्रद्धा कमी पडालीय, पुढच्या गुरुवारी या. हां, निळा स्वेटर, चल बाळा वर."

मांडवातली माणसं एकमेकांकडं बघायला लागली.

महाराजांचा चेहरा पडला. त्यांनी मान वळवून दुसऱ्या चेल्याला काही सांगितलं. शेवंताबाईनं तेही उचललं. "'ही थेरडी कोण आहे? हिला बाहेर काढ.' थेरडी कुणाला म्हणतोस रं? तुझी आई असंल थेरडी!"

"'हिला कसं ऐकू जातंय?'" ती पुढं बोलतच राहिली. "ऐकू जात न्हाई, भाड्या, दिसतंय! 'माईक बंद कर, माईक बंद कर.' आरं माईक बंदच हाय!"

आणि महाराजांनी झटकन उपरणं उचलून तोंडावर धरलं.

तो हात बघितला आणि मांडवाच्या मागच्या कोपऱ्यात कुणीतरी फस्सकन हसलं. मग दुसरा. मग तो बैलवाला. ब्रह्मलहरीचा धनी दोन्ही हातांनी तोंड झाकून बसला होता, निशासारखा.

पण माणसांची जात मोठी विचित्र. हसू विरायच्या आत तो पागोट्यावाला म्हातारा, शेजाऱ्यानं कानात बोंब मारून सगळं सांगितल्यावर, चाचपडत पुढं आला आणि शेवंताबाईच्या पायावर पडला. "देवी! आईसाब, तुमच्या अंगात देवी हाय! मनातलं वळखलं तुमी!" त्याच्या मागून दोन बाया आल्या. कुणीतरी कुंकू शोधायला लागलं.

शेवंताबाईचा संताप तिच्या डोक्यात मावेना. "ऊठ! पाय सोड म्हणते ना! एका खड्ड्यातनं काढावं तर दुसऱ्यात उडी घेताय व्हय रं? मी मागावर कांड्या भरणारी बाई! देवी न्हाई, फिवी न्हाई! ए हलगीवाल्या, वाजव. जोरात वाजव!"

हलगी घुमायला लागली. कानठळ्या बसल्या.

"अंबे!" शेवंताबाईनं हात वर केला. मांडवाच्या दुसऱ्या टोकाला अंबूबाई उभी राहिली आणि आवाज न काढता तिनं तोंड हलवलं.

"म्हणतीया, सकाळपास्नं च्या न्हाई मिळाला!" शेवंताबाईनं मोठ्यानं सांगितलं. हलगी थांबवून लोकांनी अंबूबाईला विचारलं. तसंच होतं. "आणि वर एक शिवीबी दिली हाय," अंबूबाई म्हणाली, "ती तिनं गाळली."

मग शेवंताबाई स्टेजवरच्या मनालीकडं वळली. आवाज काढला नाही. नुसते ओठ हलवले. 'चपला घाल, खाली ये.' पोर उठली, पायात चपला घातल्या, पायऱ्या उतरून आजीपाशी आली आणि तिचा हात धरला.

"बघितलंसा?" शेवंताबाईचा आवाज फाटला. "म्या तोंडातनं आवाजच काढला न्हाई. मग कसली लहर? आणि कसलं ऐकू येणं? पोरीला तोंड दिसलं, तिला कळालं. तोंड झाकलं, खलास! त्येच्या तोंडावर उजेड का? दाढी का न्हाई? मोतीबिंदूवाला का चालत न्हाई? शाळंतली पोरंच का लागत्यात? इचारा की सोताला! आत्ता हलगी वाजताना तुमीबी शेजाऱ्याच्या तोंडाकडंच बघत हुतासा न्हवं? तसंच हाय ह्ये. जरा जास्त सराव, बास. समद्यांचं डोळं कानाला हात देत्यात. त्यात देव न्हाई आणि देवीबी न्हाई."

टीचर गर्दीतून पुढं आल्या. त्यांनी बाळासोकडं बोट केलं. "भाऊ, आता तुम्ही हाक मारा तिला. समोरून."

बाळासो पुढं आला, गुडघ्यावर बसला. "मनाली," तो म्हणाला, "घरला जाऊया?"

पोरीनं बापाच्या तोंडाकडं बघितलं. मिशी हलली. तिनं मान तिरकी करून खालून बघायचा प्रयत्न केला, ओठ कुठं दिसतो का म्हणून. मग आजीकडं बघितलं. आजीनं नुसते ओठ हलवले, 'घरला जाऊया?' आणि पोरीनं लगेच मान डोलावली.

बाळासो तसाच गुडघ्यावर राहिला. सात वर्षं त्याची लेक अशीच खालून बघत आली होती. त्याला वाटायचं, ती घाबरून मान वाकडी करते.

गडबडीत महाराजांची जीप निघून गेली. हवालदार आले ते धूळ बसल्यावर. पण टोपली नेता आली नाही, कारण अंबूबाई तिच्यावर बसली होती. टोपलीत त्या सकाळची नऊ मशिनं निघाली. खालच्या कपड्यात जुनी आणखी सव्वीस, वर्तमानपत्रात नीट गुंडाळलेली, विकायला तयार; त्यातच मनालीचंही होतं. कुठल्या नदीचं विसर्जन आणि कसलं काय! टीचरनी एकेक मशीन ज्याचं त्याला दिलं. बाकीची पंचवीस पोरं कुठली ते शोधायला त्यांना पुढं चार महिने लागले, आणि अजून सात सापडली नाहीत.

* * *

शनिवारी सकाळी शेवंताबाई नातीच्या छातीवर पेटीचा पट्टा आवळत होती. बाळासो पहाटेच बाहेर गेला होता. दारात सावली पडली म्हणून तिनं वर बघितलं. एक अनोळखी माणूस. वरचा ओठ फटफटीत पांढरा, जणू त्याला वर्षानुवर्षं ऊनच लागलं नव्हतं.

"काय पायजे, पावणं?" ती म्हणाली, आणि मग तिनं त्याचे डोळे ओळखले.

बाळासो हळू आवाजात काहीतरी बोलला. दहा वर्षांत पहिल्यांदा लेकाचं पुरं वाक्य तिला दिसलं.

'आई, चुकलं माझं.'

"काय म्हणालास?" शेवंताबाई म्हणाली. "कळालं न्हाई. परत बोल."

तिला सगळं कळलं होतं. पण त्यानं परत म्हटलं, आणि तिनं दोन्ही वेळा बघून घेतलं.

मनालीनं पुढं होऊन बापाच्या ओठावर बोट ठेवलं. "शाळेला जायचं?" बाळासोनं विचारलं. पोर हसली आणि दप्तर घेऊन दाराबाहेर गेलीसुद्धा. चुलीपाशी निशा उभी होती. पदर तिच्या हातात होता. तो तोंडापाशी आला, थांबला, आणि खाली गेला. "डबा इसरली की गं!" ती दारात येऊन ओरडली. मनाली गल्लीतून मागं बघत होती. ती पळत परत आली.

गल्लीतले लोक मात्र बाळासोला आठवडाभर चिडवत होते. एवढी नामी मिशी बायकी कारणासाठी उतरवली म्हणून. त्यातलेच चौघे पुढच्या महिन्यात आजऱ्याकडं गेले. तिथं म्हणे एक नवीन महाराज आलाय, आंधळ्याला दृष्टी देतो.

एवढंच सांगायचं आहे. ज्याला कमी ऐकू येतं त्याच्याशी बोलताना त्याच्या समोर बसा, उजेडात बसा, तोंडावरचा हात काढा, तोंडातला बार थुंका. त्याला डॉक्टरकडं न्या, शाळेत घाला. याला नवस लागत नाही, अंगारा लागत नाही. आणि कुणी तुमच्या गावात चमत्कार दाखवायला आला, तर पाया पडायच्या आधी घरातलं सूप आणा आणि एकदा त्याच्या तोंडासमोर धरा. चमत्कार खरा असेल तर तो सुपाला भिणार नाही.